मुलाला कब पथकात घालताना : नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की पुस्तके, रेनकोट आणि व्हॅनची व्यवस्था यांच्या गडबडीत कधीतरी मुलाच्या वहीत एक चिठ्ठी येते : ‘कब-बुलबुल पथकासाठी ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.’ बहुतेक पालकांना स्काउट म्हटले, की गळ्यातला स्कार्फ आणि २६ जानेवारीचे संचलन एवढेच आठवते; त्यामुळे नाव द्यायचे ते नेमके कशासाठी आणि त्यात आपल्याला काय करावे लागेल, याचा अंदाज नसतो. पुढील मजकूर पाच ते दहा वर्षांच्या मुलग्यांना ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ या संस्थेच्या कब विभागात प्रवेश घेऊन देऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी आहे. मुलींसाठी याच वयाचा बुलबुल विभाग असतो आणि त्याची कार्यपद्धती बरीचशी अशीच असते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावरून पथकात पुढे जे चालते त्याचा उलगडा होतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउटिंगचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचे शिबिर घेतले आणि मुलांना लहान लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकडीची जबाबदारी तिच्यातल्याच एका मुलावर सोपवली. लहान भावंडेही मागे लागू लागली, तेव्हा १९१६ साली त्यांच्यासाठी कब विभाग निघाला आणि त्याला रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील मोगली, अकेला, बाळू आणि बगीरा यांच्या गोष्टीचा आधार देण्यात आला. हे जंगल आपल्याला परके नाही. नागपूरपासून जवळच्या सिवनीच्या रानातच ती कथा घडते. भारतात स्काउटिंग १९०९ साली बंगळुरूमध्ये सुरू झाले, पुढे वेगवेगळ्या संघटना निघाल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे एकत्रीकरण होऊन आजची संस्था उभी राहिली. म्हणूनच ७ नोव्हेंबरला ध्वजदिनाचे स्टिकर घेऊन मुले घरी येतात, तर २२ फेब्रुवारीला, म्हणजे बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिनी, शाळेत चिंतन दिन साजरा होतो.

आधी वय पाहावे

मुलाने पाच वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि दहा ओलांडलेली नसावीत, ही कब विभागाची मर्यादा आहे. दहा वर्षांनंतर तो स्काउट होतो आणि त्यापुढे रोव्हर विभाग पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतो. नियमात पाच वर्षे लिहिलेली असली, तरी माझ्या मते पहिलीच्या पहिल्या सहामाहीत घाई करू नये. ज्या मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी, डबा आणि दप्तर सांभाळणे जमू लागले आहे आणि आई-बाबा दिसेनासे झाले तरी जो तासभर रमतो, त्याला पथकात खरी मजा येते. दुसरी-तिसरीत सुरुवात झाली, तरी दहाव्या वर्षापर्यंत सगळे टप्पे आरामात पार पडतात. उलट चौथीच्या अखेरीस नाव घालणाऱ्याने कबचे चरण, म्हणजे प्रगतीचे टप्पे, गाठण्यामागे धावू नये. थोडे थांबून थेट स्काउट पथकात जावे.

पथक कोठे मिळेल?

आपल्याकडे बहुसंख्य पथके शाळांमध्ये चालतात, म्हणून पहिली चौकशी वर्गशिक्षकांकडे आणि त्यांच्याकडून कबमास्टरांकडे, म्हणजे पथक चालवणाऱ्या शिक्षकांकडे, करावी. प्राथमिक शाळांत हे काम अनेकदा शिक्षिका पाहतात आणि त्यांना ‘लेडी कबमास्टर’ म्हणतात. मुलाच्या शाळेत पथक नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या स्काउट-गाईड कार्यालयात जाऊन जिल्हा संघटकांना भेटावे. जवळच्या कोणत्या शाळांत चालते पथक आहे आणि शाळेबाहेरच्या मुलांना घेणारे एखादे खुले पथक आहे का, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. रेल्वेची स्वतंत्र संघटना याच संस्थेचा भाग आहे, त्यामुळे रेल्वे वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी तेथेही विचारावे. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांचीही आपापली यंत्रणा आहे.

एक खबरदारी येथेच घ्यावी. भारतात या नावाशी मिळतीजुळती नावे असलेल्या अन्य संघटनाही काम करतात. त्यांचे काम चांगले किंवा वाईट असा प्रश्न नाही. परंतु पुढे जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या चाचण्या आणि पुरस्कार ज्या त्या संस्थेचेच असतात, तेव्हा शाळा नेमकी कोणाशी संलग्न आहे हे आरंभीच विचारून घेतलेले बरे. जागतिक स्काउट संघटनेत भारताचे प्रतिनिधित्व ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’कडे आहे.

नाव घालण्यापूर्वी एक सभा पाहावी

ही पायरी बहुतेक पालक गाळतात आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची आहे. पथकाच्या साप्ताहिक कार्यक्रमाला सभा म्हणतात. अनेक शाळांत ती शनिवारी, सकाळच्या शाळेला जोडून होते. कबमास्टरांची परवानगी घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहून ती एकदा पूर्ण पाहावी.

चालत्या पथकाची सभा ओळखू येते. मुले वर्तुळात जमतात, दोन्ही हातांची बोटे जमिनीला टेकवून उकिडवी बसतात आणि मध्ये उभ्या असलेल्या ‘अकेला’ला, म्हणजे आपल्या कबमास्टरांना, आम्ही शक्य तितका उत्तम प्रयत्न करू असे एका सुरात ओरडून सांगत उसळी मारून उभी राहतात. याला ग्रँड हाउल म्हणतात. नवख्या पालकाला तो निव्वळ आरडाओरडा वाटतो, पण आठवडाभर बाकावर गप्प बसवलेल्या मुलांचे चेहरे त्या क्षणी पाहण्यासारखे असतात. त्यानंतर प्रार्थना, ध्वजवंदन, नखे-दात-रुमाल यांची तपासणी, एखादा खेळ, दोरीची गाठ किंवा दुसरे एखादे कौशल्य, गोष्ट, गाणे आणि शेवटी सूचना असा साधारण क्रम असतो. सहा-सहा मुलांचे गट असतात. प्रत्येक गटाला रंगाचे नाव असते आणि त्याचा प्रमुख ‘सिक्सर’ हा मुलांपैकीच एक असतो. त्या सिक्सरला खरोखर काही काम दिलेले आहे का, की तोही रांगेत नुसता उभा आहे, हे बारकाईने पाहावे. पूर्ण पथक चोवीस मुलांपर्यंतचे असते. एकाच शिक्षिकेच्या हाताखाली साठ-सत्तर मुले उन्हात उभी दिसली, तर तेथे कबचे काम होणे अवघड आहे असे समजावे.

दुर्दैवाने काही शाळांत पथक कागदावर वर्षभर असते आणि मैदानावर फक्त १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या आधीचे दोन आठवडे असते. संचलन वाईट नाही. परंतु ‘डावे-उजवे’ म्हणजे कब नव्हे. गेल्या महिन्यात किती सभा झाल्या, कबमास्टरांचा बेसिक कोर्स झाला आहे का आणि त्यांना मदतीला कोण असते, एवढे तीन प्रश्न नम्रपणे विचारले, की चित्र स्पष्ट होते. हा बेसिक कोर्स पथक चालवणाऱ्यांसाठीचे सात दिवसांचे निवासी प्रशिक्षण असते आणि तो केलेल्या व्यक्तीच्या सभेत खेळ व शिस्त यांचे प्रमाण सहसा बरोबर जुळलेले आढळते.

नोंदणी

नोंदणी पालकाने वैयक्तिकरीत्या करायची नसते. ती पथकामार्फत होते. शाळा जून-जुलैत नावे गोळा करते, संस्थेच्या ऑनलाइन सदस्यनोंदणी यंत्रणेत माहिती भरली जाते आणि दरवर्षी तिचे नूतनीकरण करावे लागते. वार्षिक वर्गणी किरकोळ असते. शिबिर आणि सहल यांचा खर्च वेगळा घेतला जातो. पालकांनी जन्मतारखेचा पुरावा, छायाचित्र, रक्तगट आणि संपर्काचे दोन क्रमांक तयार ठेवावेत. नावाचे लेखन शाळेच्या दाखल्याप्रमाणेच असावे, कारण पुढे प्रमाणपत्रावर हेच नाव छापून येते आणि ‘श्रीनिवास’चा ‘श्रिनिवास’ झाला, की तो सुधारून घेण्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात.

आरोग्याच्या रकान्यात काहीही लपवू नये. दमा, फिट येणे, शेंगदाण्याची किंवा एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, एवढेच काय, रात्री अंथरूण ओले होण्याची सवय असेल तर तीही कबमास्टरांना खासगीत सांगून ठेवावी. अनुभवी कबमास्टर अशा मुलाला रात्री एकदा हळूच उठवतात आणि कोणाला काही कळतही नाही. न सांगितल्यास मात्र त्या मुलाची शिबिरातली पहिली सकाळ वाईट जाते.

गणवेशाची घाई करू नये

नाव दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन संपूर्ण गणवेश, शिट्टी, दोरी, टोपी आणि छातीवर लावायची चकचकीत पदके घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. हे उलट्या क्रमाने झाले. स्कार्फ आणि बॅज हे दीक्षा, म्हणजे सर्वांसमोर वचन घेऊन कब होण्याचा विधी, झाल्यावर अंगावर यायचे असतात. आधीच मिळाले, तर मुलाच्या लेखी त्यांना किंमत उरत नाही. शिवाय स्कार्फचा रंग पथकागणिक ठरलेला असतो आणि दुकानदाराला तो ठाऊक असतोच असे नाही.

संस्थेच्या सध्याच्या नियमांनुसार कबचा शर्ट स्टील ग्रे रंगाचा, दोन खिशांचा आणि खांद्यावर पट्ट्या असलेला असतो, तर पँट गडद निळी असते; त्यासोबत कबची टोपी, संस्थेच्या बक्कलाचा पट्टा, काळे मोजे आणि काळे बूट येतात. तरीही शाळेची वेगळी सूचना आहे का, हे विचारल्याशिवाय कापड घेऊ नये. या वयात मुलाची उंची भराभर वाढते, तेव्हा पँटला खाली दुमड ठेवून शिवून घ्यावी. मोठ्या वर्गातल्या कबचा जुना गणवेश मिळत असेल, तर तो बिनदिक्कत घ्यावा. मात्र त्यावरची पदके उसवून परत करावीत.

प्रवेश आणि दीक्षा

नाव नोंदवले म्हणजे मूल कब झाले असे नाही. आधी ‘प्रवेश’ हा टप्पा असतो. या काळात त्याने नियमित सभांना येऊन पथकाची रीत समजून घ्यायची असते : वचन, नियम, ब्रीद, खूण, वंदन, डाव्या हाताने हस्तांदोलन, मोगलीची गोष्ट आणि दररोज एक सत्कृत्य. कबचे नियम दोनच आहेत. मोठ्यांचा मान राखून त्यांचे ऐकणे हा पहिला, आणि स्वच्छ व विनयशील राहणे हा दुसरा. वचनात ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य, नियमांचे पालन आणि रोजचे सत्कृत्य यांसाठी शक्य तितका प्रयत्न करण्याची ग्वाही आहे. ज्या कुटुंबाला ‘ईश्वर’ हा शब्द नको असेल, त्याला त्याऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मोकळीक संस्थेने दिलेली आहे.

वचन पाठ करून घेण्याचे काम घरी परीक्षेसारखे करू नये. मुलाला ते अर्थासह सांगता आले पाहिजे, आणि अर्थ घरातल्या कामांतून लवकर समजतो. आजीला औषधाची वेळ आठवण करून देणे, कुंड्यांना पाणी घालणे, जेवणापूर्वी पाने मांडणे ही कामे सत्कृत्यात मोडतात का, असे मुले विचारतात. रोज नेमून दिलेले काम हे कर्तव्य आणि कोणी न सांगता केलेले ते सत्कृत्य, अशी फोड केली, तर सात वर्षांच्या मुलालाही ती पटते. त्याबद्दल चॉकलेट किंवा पैसे मात्र देऊ नयेत.

तयारी झाली, की दीक्षाविधी होतो. पथक वर्तुळात उभे असते, नवा मुलगा पुढे येऊन सर्वांसमोर वचन घेतो आणि त्याच्या गळ्यात स्कार्फ घालून बॅज लावला जातो. विधी दहा-पंधरा मिनिटांचा असतो. शक्य असल्यास आई-वडिलांनी दोघांनीही यावे, आणि वचन घेताना मूल अडखळले तर बाहेरून शब्द पुरवू नयेत.

चरण, पदके आणि एक गाठ

दीक्षेनंतर प्रथम, द्वितीय, तृतीय आणि चतुर्थ असे चरण क्रमाने पार करायचे असतात. आरोग्याच्या सवयी, राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांची माहिती, चेंडू फेकणे-झेलणे, तोल सांभाळून चालणे, प्रथमोपचार, निसर्गनिरीक्षण, हस्तकला अशा गोष्टी त्यांत हळूहळू वाढत्या अवघडपणाने येतात. चतुर्थ चरणाची चाचणी पथकाबाहेरचे परीक्षक घेतात आणि बुलबुलांची हीरक पंख चाचणी त्याच सुमारास होते. त्यापुढे कब-बुलबुलांसाठीचा सर्वोच्च असा गोल्डन अ‍ॅरो पुरस्कार आहे. याशिवाय चित्रकला, बागकाम, सायकल, पोहणे, संग्रह यांसारख्या विषयांची प्रावीण्य पदके असतात. मुलाला मुळातच ज्याची गोडी आहे तेथून सुरुवात करावी. नाणी जमवणाऱ्या मुलाला बळेच पोहण्याच्या पदकाकडे ढकलण्यात अर्थ नाही.

गाठींचे एक उदाहरण देतो, कारण घरी सराव घ्यायचा तर तो बरोबर घेतला पाहिजे. सुरुवातीलाच शिकवली जाणारी रीफ नॉट अशी बांधतात : दोन हातांत दोन टोके धरून आधी उजवे टोक डाव्यावरून नेऊन खालून काढायचे, मग जे टोक आता डाव्या हातात आले आहे ते उजव्यावरून नेऊन पुन्हा खालून काढायचे आणि दोन्ही बाजूंनी ओढायचे. गाठ बरोबर असेल तर ती सपाट बसते आणि प्रत्येक टोक आपल्याच दोरीला लागून समांतर पडते. दोन्ही वेळा उजवेच वर घेतले, तर गाठ आडवी फिरते. अशी गाठ कधी निसटते, तर कधी इतकी आवळते की सुटता सुटत नाही. त्रिकोणी पट्टीची झोळी गळ्यात बांधताना हीच गाठ वापरतात, कारण ती सपाट असल्याने टोचत नाही आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे ढकलल्या की सहज सुटते. सरावाला दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्या घ्याव्यात. आपले टोक कोणते, हा मुलांचा गोंधळ त्याने लगेच मिटतो. नाडी बांधायला शिकलेले मूल ही गाठ दोन सभांत शिकते. पालकांनी मात्र दोरी त्याच्या हातातून ओढून घेऊन ‘असं नाही रे, दे इकडे’ असे म्हणू नये.

हाच मोह ‘खरी कमाई’च्या वेळी अधिक होतो. या उपक्रमात मुलांनी ओळखीच्या घरी जाऊन झेपेल असे काम करायचे, त्याबद्दल मिळालेले पैसे कार्डावर नोंदवायचे आणि पथकात जमा करायचे असतात. प्रत्यक्षात अनेक घरांत शेवटच्या दिवशी बाबा खिशातून पन्नासाची नोट काढतात, आई चार शेजाऱ्यांची नावे लिहिते आणि कार्ड भरते. याला खरी कमाई म्हणता येणार नाही. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवावे, शेंगा सोलणे, सायकल पुसणे, रद्दी बांधणे असे काम मागून घ्यावे, आणि मोबदला दहा रुपयांचाच असला तरी तो मुलाच्या हातात पडू द्यावा. अनोळखी दारांवर मात्र या वयाच्या मुलाला एकट्याला कधीही पाठवू नये. सोबत मोठे माणूस असावे आणि त्याने फाटकाशी थांबावे.

पहिले शिबिर

कबसाठी आधी दिवसाचे शिबिर, मग एका रात्रीचे असा क्रम चांगला. रात्रीचा मुक्काम पक्क्या इमारतीत असावा, स्वच्छतागृह जवळ असावे, पाण्याची सोय पालकांना आधी सांगितलेली असावी, सोबत किमान दोन मोठी माणसे असावीत आणि लेखी संमतिपत्र घेतलेले असावे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर शिबिराला नाही म्हणण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे आणि तसे म्हणताना संकोच करू नये. कोणत्याही कबला एकाच मोठ्या व्यक्तीसोबत एकांतात ठेवले जाणार नाही, हेही स्पष्ट विचारून घ्यावे.

सामान मुलाने स्वतः भरावे आणि आपण फक्त यादी वाचावी. ताट, वाटी, पेला, टॉर्च, पाण्याची बाटली, चादर, कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, नियमित औषधे आणि त्यांची चिठ्ठी एवढे पुरते; पावसाळ्यात प्लास्टिकची एक मोठी पिशवी जास्त द्यावी. प्रत्येक वस्तूवर नाव असावे, अगदी मोज्यावरसुद्धा. मोबाईल देऊ नये. रात्री फोन करून ‘जेवलास का, झोप येते का’ असे विचारले, की तोपर्यंत मजेत असलेले मूल रडू लागते. हे कबमास्टर कानीकपाळी ओरडून सांगतात, आणि ते खरे आहे.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी

ब्रिटनमध्ये सहा ते आठ वर्षांसाठी बीव्हर आणि आठ ते साडेदहा वर्षांसाठी कब विभाग आहे. तेथे प्रतीक्षायादी लांब असू शकते, म्हणून नाव लवकर नोंदवावे, आणि पालक स्वतः स्वयंसेवक व्हायला तयार असतील तर अनेकदा पथकाची मोठी अडचण दूर होते. अमेरिकेत कब स्काउट्स किंडरगार्टनपासून पाचवीपर्यंत असतात. मूळ संस्थेने २०२५ मध्ये ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ हे नाव बदलून ‘स्काउटिंग अमेरिका’ असे केले असून मुलींनाही तेथे प्रवेश आहे. आपल्याकडच्यासारखी तेथील पथके शिक्षक चालवत नाहीत; पालकच चालवतात, त्यामुळे ‘मुलाला सोडून जातो’ हा पर्याय लहान वयात फारसा नसतो.

बदली झाली किंवा दहा वर्षे पूर्ण झाली तर

शाळा किंवा गाव बदलताना दाखल्याबरोबर कबमास्टरांकडून सदस्यक्रमांक, दीक्षेची तारीख आणि उत्तीर्ण झालेल्या चरणांची सहीशिक्क्यासह नोंद मागून घ्यावी. ती असली, की नव्या पथकात मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दहावे वर्ष पूर्ण होत आले, की शाळेतल्या स्काउटमास्टरांशी आधीच बोलावे आणि शक्य झाल्यास मुलाला त्यांच्या एक-दोन सभा पाहायला न्यावे. प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असेल, तर हे बोलणे मार्चपूर्वी व्हायला हवे, कारण उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बदलते, जुने पथक सुटते आणि नव्या शाळेत स्काउटची यादी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बंद झालेली असू शकते.